उड्या मोजा, दिवसही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका उन्हाळी शिबिराचा फोटो छापून आला होता. ओळीने मांडलेले टायर, त्यांवरून उड्या मारणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुली, मागे बास्केटबॉलचा बोर्ड. खाली ओळ होती, 'रोज पाचशे उड्यांचा सराव'. फोटो झकास होता. सगळ्यांची नजर हवेत असलेल्या मुलीवर गेली असणार. माझी गेली तिच्या पुढच्या, नुकत्याच जमिनीवर आलेल्या मुलीवर. तिचे दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना टेकायच्या बेतात होते. हातातला चहा गार झाला तरी मी तेवढंच बघत बसले.

मी अमळनेरची. बी.पी.एड. करून एकतीस वर्षं क्रीडाशिक्षिका होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शाळेत असताना स्वतः खेळले. आमच्या वेळी मुलींनी बास्केटबॉल खेळायचा म्हणजे सलवार-कमीजवर, ओढणी कमरेला बांधून. आई ओट्यावरून ओरडायची, "पोरनी जात, इतल्या उड्या कसाले?" तिला उत्तर द्यायची माझी पद्धत म्हणजे आणखी दहा उड्या. पुढे शिकवायला लागले तेव्हाही बहुधा मी आईलाच उत्तर देत होते, फक्त उड्या दुसऱ्यांच्या मुली मारत होत्या.

हे पत्र त्या शिबिराच्या प्रशिक्षकांना दोष द्यायला लिहीत नाही. त्यांना मी ओळखतही नाही. लिहितेय कारण तेच मी केलंय, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली.

आमच्या संघात एक मुलगी होती. उंच, काटक, सेंटरला खेळायची. वडील कापूस लावायचे, ती गावाहून एस.टी.ने यायची. शाळेच्या मागच्या भिंतीवर मी खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. बोटांच्या टोकांना खडूची पूड लावायची, भिंतीला खेटून उभं राहायचं, उडी मारून जमेल तितक्या वर ठसा उमटवायचा. आधीचा ठसा आणि नवा ठसा यांतलं अंतर मी पट्टीने मोजून वहीत लिहायचे. तिचा ठसा सगळ्यांच्या वर. रविवार सोडून रोज बाकावर चढून-उतरून शंभर उड्या, त्याही सिमेंटच्या कोर्टवर, संध्याकाळच्या सरावानंतर, म्हणजे पाय आधीच गळालेले असताना. मी ठसा बघायचे. ती खाली कशी येते, हे एकदाही बघितलं नाही. वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

१९९६ साली जिल्हा पातळीच्या सामन्यात ती रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडायला, उडाली, चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि एका पायावर उतरली. तिला कुणाचा धक्का लागला नव्हता. साइडलाइनपर्यंत ऐकू आला तो आवाज मी अजून विसरले नाही, वाळलेली काडी मोडल्यासारखा. "बाई, आत काहीतरी तुटलं," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजासारखा सुजला. पुण्या-मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करायची त्या घरची ऐपत नव्हती. प्लास्टर झालं, काठी झाली, खेळ संपला. लोक म्हणाले, नजर लागली. मीही तसंच म्हटलं. सोपं होतं ते.

गंमत म्हणा की दैव म्हणा, त्याच १९९६ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या टिमोथी ह्युएट नावाच्या संशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी शाळकरी मुलींना उडी मारून नीट उतरायला शिकवलं होतं. सहा आठवड्यांनंतर त्या मुली जमिनीवर उतरताना बसणारा सर्वांत मोठा दणका सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला आणि उडीची उंची दहाएक टक्क्यांनी वाढली. १९९९ साली त्यांनी मोठा अभ्यास छापला. फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल खेळणारे १,२६३ शालेय खेळाडू एक हंगामभर पाहिले. उड्यांचं असं शिक्षण न घेतलेल्या मुलींना, ते घेतलेल्या मुलींपेक्षा गुडघ्याच्या गंभीर दुखापती साडेतीन पटींहून जास्त झाल्या. मला हे कळायला वीस वर्षं लागली. माझा भाचा नाशिकला फिजिओथेरपी शिकत होता, त्याने मोबाइलवर वाचून दाखवलं. वाचताना तो अर्ध्यात थांबला आणि म्हणाला, "आत्या, रडतेस काय?"

तेव्हा मुलींनी उड्या मारू नयेत असं माझं म्हणणं नाही. हे आधी सांगते, नाहीतर हे पत्र वाचून एखादी आजी नातीला घरात बसवेल. उड्यांचा सराव, ज्याला प्लायोमेट्रिक्स म्हणतात, तो मुलींना लागतोच, आणि मुलांपेक्षा जास्त लागतो. वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी साधारण सारखेच उतरतात. मग मुलींची उंची भराभर वाढते, वजन वाढतं, पण मांड्या-नितंबांची ताकद मुलांसारखी आपोआप त्या वेगाने वाढत नाही. उतरताना मांडीच्या मागचा स्नायू कामाला लागायला हवा, तो मागे राहतो. गुडघा कमी वाकतो, आत झुकतो आणि सगळा भार आतल्या दोरीवर, म्हणजे एसीएल या लिगामेंटवर येतो. उतरताना शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार पायांवर येतो, कधी त्याहून जास्त. पंचेचाळीस किलोची मुलगी धरा. चौपट म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या वर झालं. जिनिंगवर कापूस विकणाऱ्या बापाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता मुद्द्याचं. उड्यांचा सराव आठवड्यातून किती दिवस?

माझं उत्तर आठवड्यातून दोन दिवस असं आहे. मधे किमान दोन रात्री. सोमवार आणि गुरुवार, किंवा मंगळवार आणि शुक्रवार. जाणकार दोन सत्रांमधे ४८ ते ७२ तास सांगतात ते उगाच नाही. जोराच्या कामानंतर पहिला दिवस-दीड दिवस स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत झीज जास्त असते आणि नवी भर मागाहून पडते. रोज उड्या घेतल्या की झीज रोज होते, भर पडायला दिवसच उरत नाही. आमच्याकडे केळीला ठिबकमधून खत सोडणारा शेतकरी महिन्याचा युरिया एका दिवशी ओतत नाही, आणि पीक जोरात यावं म्हणून रोजही ओतत नाही. पोरीच्या बाबतीत मात्र त्यालाच वाटतं, जितकं जास्त तितकं चांगलं.

आणि जास्त केल्याने फायदाही होत नाही, हे मोजून झालंय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचे गट पाडून सात आठवडे उंचावरून उतरून उडी मारायला लावली. एका गटाने आठवड्यातून एकदा, एकूण ४२० उड्या. दुसऱ्याने दोनदा, ८४०. तिसऱ्याने चार वेळा, १,६८०. दोनदा करणाऱ्यांची उडी चार वेळा करणाऱ्यांच्या तोडीस तोड वाढली, तेही निम्म्या उड्यांत. ते मोठे, तयार विद्यार्थी होते. बारा वर्षांच्या मुलीला रोज पाचशे, म्हणजे रविवार सोडला तरी आठवड्याला तीन हजार, कोणत्या हिशेबाने?

दिवसाला किती, हाही हिशेब आहे. पाय जमिनीला लागला की एक, असं मोजायचं. दोन्ही पाय एकदम टेकले तरी एकच. नवख्या खेळाडूला एका सत्रात ८० ते १०० असं साधारण धरतात, पण ते मोठ्यांचं माप. मी चौदाच्या आतल्या मुलींना चाळीस-पन्नासवर सुरू करते, साठवर महिनाभर थांबवते, मग पुढे. ऐंशीच्या वर मी सहसा जातच नाही. सामन्यांचा हंगाम सुरू झाला की एकच दिवस. सामन्यात रिबाउंड, ले-अप, ब्लॉक, जंप शॉट यांत ती किती वेळा उडते ते एकदा कोपऱ्यात बसून कुणी मोजा. मी मोजलंय. पहिल्या दोन क्वार्टरमधेच, म्हणजे अर्ध्या सामन्यातच, पेन ठेवून द्यावं लागलं.

सिनसिनाटीच्या कार्यक्रमात आठवड्याला तीन दिवस होते, हे कुणी दाखवून देईल. खरंय. पण ते हंगामाआधीचे सहा आठवडे होते, एक दिवसाआड होते आणि प्रत्येक उडीला कसं उतरायचं हे सांगणारं माणूस समोर उभं होतं. आपल्याकडे एका सरांकडे साठ मुलं असतात आणि शिट्टी एक. तिथे दोनच बरे.

आपल्याकडे उड्यांची मोजणी मैदानापुरती होते, ही दुसरी अडचण. शाळेतली मुलगी एकाच खेळात नसते. सकाळी पी.टी.त लंगडी, दुपारी खो-खोचा संघ, संध्याकाळी बास्केटबॉल. लंगडी म्हणजे एका पायावरच्या उड्याच, आणि फार चांगल्या उड्या, मातीवरच्या. पण त्याही मोजा. शालेय स्पर्धांच्या धामधुमीतच नवरात्र येतं. गुजरात आम्हाला जवळ, त्यामुळे आमच्या गावागावांत गरबा जोरात. नऊ रात्री डांबरी रस्त्यावर अनवाणी उड्या मारून पोरगी सकाळी सहाला मैदानात येते आणि सर म्हणतात, "पाय जड झाले, चला बॉक्स जंप, खोक्यावर उड्या." त्या नऊ दिवसांत मी उड्यांचा सराव सरळ बंद ठेवायचे. गरबा बंद करा म्हणून सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

उतरायचं कसं, हे खरं तर पहिल्या आठवड्याचं काम. उडी नंतर. मी मुलींना सांगते, मांजर ओट्यावरून उतरते तशी उतर, मला आवाज ऐकू यायला नको. आधी चवडा, मग टाच. ढुंगण मागे, जणू खुर्चीत बसतेय. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. उतरल्यावर तीन आकडे मोजून तसंच थांबायचं. 'टप' आवाज आला तर चालेल. 'धप्प' आला की त्या दिवसाचा कोटा संपला, मग वहीत वीस झालेल्या असोत की पंचेचाळीस. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. समोरून व्हिडिओ काढा, हळू करून मुलीलाच दाखवा. दहा वेळा ओरडून जे कळत नाही ते तिला एका नजरेत कळतं. गुडघे आत जाणं थांबलं की छोटी रेघ ओलांडायची, मग वीतभर उंचीची पायरी, आणि एका पायावरच्या उड्या सगळ्यांत शेवटी. उंच बाकावरून खाली उडी मारून लगेच वर उसळायचा प्रकार सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी कसलेल्या, ताकदवान खेळाडूंसाठी बसवला होता. तो सातवीच्या मुलीला कुणी लावला, देव जाणे. मीच लावला होता, खरं तर.

आणि हे सगळं वॉर्म-अप झाल्यावर लगेच, सरावाच्या सुरुवातीला. शेवटी नको. या व्यायामाचा जीवच चपळाईत आहे, पाय जमिनीला लागला न लागला तोच वर. दमलेले पाय जमिनीवर रेंगाळतात. मग दम वाढतो, उडी वाढत नाही.

आमच्या भागाचं एक वेगळंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, सिमेंटचं कोर्ट नऊ वाजताच तव्यासारखं होतं, आणि शिबिरं नेमकी तेव्हाच. सहा ते साडेसात, त्यापुढे नाही. शक्य असेल तिथे उड्या मातीवर किंवा गवतावर घ्या, कोर्ट ड्रिबलिंगला ठेवा. पायात तळ झिजलेले कॅनव्हासचे बूट असतील तर आधी बूट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर पोरींना सुट्टी द्याच. झोक्यावर बसू द्या, वर्षातून एकदा येते.

पोटाचं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे दहा जणींच्या संघात सहा. त्यांना शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती किती जणी गिळतात आणि किती जणी खिडकीबाहेर टाकतात हे कोणत्याही वर्गशिक्षिकेला विचारा. सकाळी चहा-बिस्किटावर येणाऱ्या मुलीला उड्या देऊ नका. बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, दाणे, केळं, काहीतरी पोटात जाऊ दे. आणि एखादीची पाळी तीन महिने आली नाही, तर 'खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच' म्हणून सोडू नका. खाणं कमी आणि कष्ट जास्त झाल्याची ती खूण असू शकते, पुढे हाडांना चिरा पडतात. हे पुरुष सरांना विचारायला अवघड जातं, मान्य. मग शाळेतल्या एखाद्या बाईंवर सोपवा, पण कुणीतरी विचारा.

आईवडिलांनाही एक ओळखण्याची खूण सांगते. सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी जिना कसा उतरते ते बघा. कठडा धरून, एकेक पाय टेकवत उतरत असेल, गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबल्यावर ओरडत असेल किंवा तिथे हाडाचा उंचवटा आला असेल, तर पुढचं सत्र नाही. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे. मालिश करणाऱ्याकडे नको. आणि ती म्हणेल की दुखत नाही. दहावीचे वाढीव क्रीडागुण डोळ्यांपुढे असतात, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण बापाने दहा वेळा ऐकवलेलं असतं. ती खोटंच बोलणार. जिना खोटं बोलत नाही.

कधी कधी वाटतं, या सगळ्याचं मूळ त्या दहा फुटांत आहे. १८९१ साली बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या ठोकल्या त्या गॅलरीच्या कठड्याला, आणि कठडा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही दहा फुटांवर. मुलींचा चेंडू लहान केला, सहा नंबरचा. रिंग तिथेच. मग पाच फुटांची पोरगी वर बघते, सर वर बघतात, आईबाप वर बघतात.

आता एक विनंती. पुढच्या वेळी शिबिराचा फोटो छापाल तेव्हा बातमीदाराला एवढंच विचारायला सांगा, या उड्या आठवड्यातून किती दिवस? ते उत्तर फोटोखाली छापा. प्रशिक्षकांना आपोआप विचार करावा लागेल.

ती १९९६ची मुलगी आता चव्वेचाळीस वर्षांची आहे. पावसाळ्यात गुडघा धरतो, जिना अजून एका बाजूनेच उतरते. दोन वर्षांपूर्वी ती तिच्या मुलीला घेऊन माझ्या दारात आली. मला वाटलं, भेटायला आली असेल. म्हणाली, "बाई, हिला शिकवा. पण या वेळी नीट." तेव्हापासून सकाळी मी पुन्हा मैदानावर जाते, प्लास्टिकची खुर्ची घेऊन. सात-आठ मुली जमतात. वहीत आता दोन रकाने आहेत, आणि उतरण्याचा आधी आहे.

परवा बुधवार होता. ती पोरगी रेघेवर येऊन उभी राहिली, हात मागे घेतले, उडायच्या तयारीत. मी खुर्चीतूनच मान हलवली. "आज का नाही?" म्हणून तोंड फुगवलं. म्हटलं, उद्या. आज फ्री थ्रो, पन्नास. पाय जमिनीवर ठेवून.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)